मेलेल्या लाकडाची मोजणी

(दृश्य: धुकं, शेवाळाने मढलेला आडवा ओंडका)

हे झाड मरून बरीच वर्षं झाली. येणारे-जाणारे त्याला कचरा म्हणतात. पण जिवंतपणी त्याने हवेतून घेतलेला बराच कार्बन अजून इथेच आहे, या लाकडात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जगातल्या जंगलांच्या एकूण कार्बनपैकी सुमारे 8 टक्के, म्हणजे 73 अब्ज टन, मेलेल्या लाकडात आहे. एवढा मोठा साठा दुर्लक्षित ठेवून जंगलाचा हिशेब लागणार कसा?

(दृश्य: टेप घेऊन झुडपांतून वाट काढणारी माणसं)

प्रत्येक ओंडका उचलून तोलणं शक्यच नाही. म्हणून ही 100 मीटरची टेप. अगदी सरळ रेषेत. काटे आले, ओहोळ आला, तरी वळायचं नाही. रेषा ज्या लाकडाला छेदेल, त्याचा तिथला व्यास घ्यायचा. लांबी लागतच नाही, कारण ओंडका जितका लांब, तितका तो रेषेत सापडण्याचा संभव जास्त. सूत्रात ते आधीच धरलेलं असतं. 30 सेंटीमीटर जाडीचा एक ओंडका सापडला, की हेक्टरी अंदाजात 11 घनमीटरची भर.

पण घनफळ म्हणजे वजन नव्हे. आता सुऱ्याकडे बघा.

(दृश्य: जवळून सुरा. तीन घाव, निवेदन नाही.)

पहिल्यावर पातं उसळलं: लाकूड टणक. दुसऱ्यात थोडं रुतलं: अर्धवट कुजलेलं. तिसऱ्यात मुठीपर्यंत गेलं आणि ओला भुगा बाहेर आला. आकार तोच, कार्बन कितीतरी कमी.

म्हणून प्रत्येक प्रकारातून एकेक चकती कापायची. पाण्यात बुडवून तिचं घनफळ काढायचं. कुजकी चकती पाणी पिते, म्हणून ती आधी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलीय. मग ओव्हनमध्ये 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उरलेल्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन.

बुरशी आणि किडे तो सावकाश, वर्षानुवर्षं मोकळा करतात. ओंडका बाहेर ओढून जाळला, तर तो काही तासांत हवेत जातो.

(दृश्य: वही, चिखलाचा अंगठा)

शेवटची नोंद: व्यास 30, कुजका. टेप गुंडाळली जाते. ओंडका जागेवरच राहतो.