आधी शंका, मग गोष्ट

बुवांच्या हातातील चिपळ्या थांबल्या आहेत आणि पेटीवाल्याने सूर धरून ठेवला आहे. तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग नुकताच गाऊन झाला. नारदीय कीर्तनात याला मूळपद म्हणतात आणि पुढचे सारे निरूपण त्यालाच बांधलेले असते. जो पीडितांना आपले म्हणतो तोच साधू, हा सिद्धान्त श्रोत्यांपुढे आला. कसलेला कीर्तनकार मात्र लगेच त्याचे समर्थन करीत नाही. श्रोत्यांच्या वतीने तो स्वतःच आक्षेप घेतो, की मग पूजाअर्चा, उपासतापास, तीर्थयात्रा हे सारे व्यर्थ समजायचे काय? उपरणे सावरत बुवा हे विचारतात, तेव्हा पुढच्या रांगेतील आजोबांची मान पाहावी. शास्त्रकारांचा पूर्वपक्ष तो हाच. मग श्लोक, ओव्या आणि दृष्टान्त यांच्या आधारे एकेक शंका फेडली जाते. हा पूर्वरंग.

मध्यंतरी नामाचा गजर होतो, बुवांना हार घालून बुक्का लावला जातो. काही मंडळी नेमकी आत्ताच येऊन बसतात; त्यांना आख्यानच ऐकायचे असते.

उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, कावड येते. काशीची गंगा रामेश्वराला वाहण्यासाठी निघालेले एकनाथ ते पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घालतात, आणि तीर्थयात्रेचा आक्षेप वेगळे उत्तर न देताच गळून पडतो. ही कथा आधी सांगितली असती, तर ती निव्वळ भूतदयेची कथा राहिली असती. मनात शंका रुजल्यावर ऐकल्यामुळे ती पुरावा ठरते. कीर्तनाला केवळ भक्तीचा कार्यक्रम समजणाऱ्यांच्या ध्यानात ही रचना येत नाही.

वारकरी कीर्तनात आख्यानाचा असा स्वतंत्र भाग नसतो. एकच अभंग चरणाचरणाने उलगडला जातो आणि विधानामागे ज्ञानेश्वरीचे किंवा संतवचनाचे प्रमाण उभे केले जाते. प्रमाणाचे पहिले शब्द निघताच मागचे टाळकरी ते उचलून धरतात, त्यामुळे एकट्याचे म्हणणे साऱ्या फडाचे होऊन जाते.

गाडगेबाबांनी गजर ठेवला आणि बाकीची मांडणी मोडली. हातातील खराट्याने दिवसा गाव झाडून रात्री ते कीर्तनाला उभे राहत. वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न रचीत. देवापुढे बकरे कापणे किंवा ऋण काढून सण करणे चूक आहे, हा निष्कर्ष अखेरीस श्रोत्यांच्याच तोंडून निघे. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या.