लहानपणीचे चित्रपट पुन्हा बघताना

मित्रहो,

'बॅम्बी' तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिला असेल. १९४२ सालचा चित्रपट आहे. त्यात पाडसाची आई मरते तो प्रसंग क्षणभर आठवून बघा. गोळी लागून ती बर्फात कोसळते, असं काही डोळ्यांपुढे आलं का? अनेकांच्या येतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला ते पडणं अगदी रंगवून सांगितलं.

पडद्यावर ते नाहीच. हिवाळा सरत आलाय, बर्फातून कोवळं गवत डोकावतंय, मायलेकरं ते खाताहेत. आईला चाहूल लागते. ती त्याला पळायला सांगते, मागं वळून बघू नकोस म्हणते. बंदुकीचा आवाज येतो. पाडस झाडीत पोचतं, आनंदानं 'पोचलो आपण' म्हणतं, आणि मागं कुणीच नसतं. मग बर्फ पडायला लागतो. शिकारी माणूस तर अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाही. जे दाखवलंच नाही ते आपण पाहिलं, आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवलं.

फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच हे मांडून ठेवलंय की आठवताना आपण जपून ठेवलेली वस्तू बाहेर काढत नाही, ती दरवेळी नव्यानं रचतो. त्यामुळे 'लहानपणी आवडलेला चित्रपट आज टिकतो का' असं आपण विचारतो तेव्हा तुलना दोन चित्रपटांची असते. एक पडद्यावरचा आणि दुसरा आपण मनात घडवलेला. तरीही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारायलाच हवा असं मी मानतो. फक्त निकाल देण्याची घाई नको.

आधी एक साधी गोष्ट बाजूला काढू. आपण तेव्हा जे पाहिलं तो पूर्ण चित्रपट बहुधा नव्हताच. रुंद पडद्यासाठी काढलेलं चित्र टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी काचेत बसवायचं म्हणून दोन्ही बाजूंनी छाटलं जायचं. अतिरुंद चित्रपटांत तर ४० टक्क्यांहून जास्त चित्र गायब व्हायचं. दोन माणसं बोलत असली तरी आपल्याला एकच दिसायचा. शिवाय चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगानं काढलेला, आणि आपल्याकडची टीव्ही-पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे टीव्हीवर आणि कॅसेटवर तो किंचित वेगानं पळायचा, आवाज थोडा वर चढायचा आणि दोन तासांची गोष्ट जवळजवळ ५ मिनिटं आधी संपायची. म्हणून आज नीट प्रत बघताना 'हा इतका संथ नव्हता' असं वाटलं, तर त्यात थोडं तथ्य असू शकतं.

आता भीतीकडे वळतो. लहानपणीच्या चित्रपटांतलं सगळ्यात खोल काय रुतलं असेल तर ती भीती.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ मध्ये आला. तात्या विंचूचं नाव काढलं की आज चाळिशीत असलेली माणसंसुद्धा अंग चोरतात. माणसाच्या रूपातला तात्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केला, आणि बाहुला रामदास पाध्ये यांचा. तो बाहुला इतका का झोंबला? जोआन कँटर या अमेरिकी संशोधिकेनं मुलांच्या भीतीवर अनेक वर्षं काम केलंय. तिला असं दिसलं की अगदी लहान मुलं दिसण्याला घाबरतात. माणसाचा राक्षसी देह होऊन मदतीला धावणाऱ्या हल्कवरची टीव्ही मालिका बघताना छोटी मुलं सगळ्यात जास्त घाबरली ती माणसाचा हल्क होताना. तो मदतीला धावून येतोय हे त्यांच्या लेखी नव्हतंच, समोर दिसत होता तो हिरवा, फुगलेला, अक्राळविक्राळ देह. मूल मोठं होतं तशी भीती दिसण्याकडून घडण्याकडे सरकते. काय होऊ शकेल, कुणाला होऊ शकेल, आपल्याला झालं तर, असे विचार मग मनात यायला लागतात.

हे डोक्यात ठेवून 'झपाटलेला' पुन्हा बघा. बाहुल्याच्या चेहऱ्याची भीती आता वाटत नाही. उलट तो कसा हलवला असेल, हात कुठं लपवला असेल, हेच शोधत आपण बसतो आणि पाध्यांच्या कसबाला दाद देतो. पण दुसरीच एक गोष्ट अंगावर येते. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जिवाच्या आकांतानं सांगतोय आणि कुणीही विश्वास ठेवत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. समोर लाकूड-कापडाची वस्तू आहे, आणि हा नट तिच्याकडे असा बघतो की ती बोलण्याआधीच आपल्याला तिची धास्ती वाटते. हसवणं आणि घाबरणं एकाच चेहऱ्यावर चाललंय. २००४ मध्ये ते गेले. त्यानंतर तो चेहरा बघताना आणखी काहीतरी मनात येतंच.

माझ्या मते तो चित्रपट मुलांच्या मनात इतका घट्ट बसला तो याच कारणानं. आपण खरं सांगतोय आणि मोठी माणसं 'काहीतरीच काय' म्हणताहेत, ही अवस्था प्रत्येक मुलाला ठाऊक असते. भुताची गोष्ट तिच्याभोवती गुंडाळलेली होती. सात वर्षांच्या आपल्याला ते शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं मात्र होतं.

तांत्रिक करामती जुन्या दिसतात ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि मला ती सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते. 'ज्युरासिक पार्क' १२७ मिनिटांचा आहे. त्यात डायनोसॉर दिसतात ती सगळी मिळून जेमतेम १५ मिनिटं, आणि त्यातलाही मोठा भाग स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी बनवलेल्या खऱ्याखुऱ्या यांत्रिक बाहुल्यांचा. टी-रेक्स हा अवाढव्य शिकारी डायनोसॉर बाहेर येईपर्यंत जवळजवळ एक तास गेलेला असतो. त्याआधी काय दिसतं? ग्लासातलं पाणी थरथरतं. त्या पाण्यावर एकात एक गोल वलयं उठावीत म्हणून गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती. तीस वर्षांत संगणकानं काय काय केलं, पण त्या पाण्याचं काहीही बिघडलेलं नाही. 'मिस्टर इंडिया'मधल्या अदृश्य होण्याच्या करामती पीटर परेरा यांनी १९८७ मध्ये संगणकाशिवाय केल्या. कुठं जोड दिसतो, कुठं युक्ती कळते. कळू दे. लाल प्रकाशात अदृश्य नायक दिसतो, हा नियम एकदा मान्य केला की लाल प्रकाश पडताच आजही छातीत धस्स होतं.

खरा प्रश्न हसण्याचा आहे. तिथं मात्र बऱ्याच चित्रपटांना मी पदरात घेऊ शकत नाही.

तोतरं बोलणारा माणूस दिसला की हसायचं. जाडी बाई दारात अडकली की हसायचं. काळ्या रंगाची मुलगी बघायला दाखवली की नायकाच्या मित्राचं तोंड वेडंवाकडं झालं, की हसायचं. मुलगी नको म्हणतेय आणि नायक गाणं म्हणत मागं मागं जातोय, तर ते प्रेम समजायचं. मूल कशावर हसायचं हे आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडून शिकतं, आणि ते शिकवण्यात या चित्रपटांचा हात होता. वर्गातल्या कुठल्यातरी तोतऱ्या मुलानं तोच चित्रपट त्याच आठवड्यात पाहिला होता आणि सोमवारी शाळेत त्याच नकला ऐकल्या होत्या. जुने चित्रपट बघताना मला त्या मुलाची आठवण होते, आणि 'तो काळच तसा होता' हे उत्तर पुरेसं वाटत नाही. काळ त्या मुलाचाही होता.

'मिस्टर इंडिया'मधलं 'हवा हवाई' हे गाणं बघा. श्रीदेवी त्या गाण्यात जे करते ते थक्क करणारं आहे. डोळे, भुवया, खांदे, मध्येच येणारं ते शुद्ध बालिश वेडेपण. तिच्यामागं मात्र तोंडाला काळा रंग फासलेले नाचणारे आहेत. लहानपणी ते दिसलेही नव्हते, आता नजर तिथून हटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत आहेत आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी नाकारावी असं मला वाटत नाही.

आणि खोडूही नये. स्टीव्हन स्पीलबर्गनं २००२ मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याची गोष्ट सांगणारा आपला 'ई.टी.' पुन्हा प्रदर्शित करताना मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका संगणकानं पुसून तिथं वॉकीटॉकी ठेवले. पुढं त्यानं स्वतःच जाहीरपणे सांगितलं की ते करायला नको होतं, आणि नंतरच्या प्रतीत बंदुका परत आल्या. मला ते योग्य वाटतं. मुलांवर मोठी माणसं बंदुका घेऊन धावतात, हाच त्या प्रसंगातला धक्का आहे.

'ई.टी.' वर जरा रेंगाळतो, कारण चित्रपट कशामुळे टिकतो याचं मला सापडलेलं उत्तर तिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं. चित्रपट १९८२ चा. कॅमेरा बहुतेक वेळ मुलाच्या उंचीवर आहे. चित्रपटाचा बराच भाग आई सोडून कुठल्याही मोठ्या माणसाचा चेहरा आपल्याला नीट दिसत नाही. एक माणूस आपण ओळखतो तो कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून. शाळेतल्या शिक्षकांचंही धडच दिसतं. मोठ्यांचं जग म्हणजे पट्टे, खिसे, बूट, टॉर्चचे झोत. लहानपणी बघताना हे मुद्दाम केलंय असं जाणवलं नव्हतं, कारण आपल्याला जग तसंच दिसायचं. चित्रीकरणही शक्य तितकं गोष्टीच्या क्रमानं केलं होतं, म्हणजे निरोपाच्या प्रसंगापर्यंत त्या बालकलाकारांना खरोखरच निरोप घ्यायचा होता.

मोठेपणी बघताना मात्र आईच दिसत राहते. नवरा सोडून गेलेला, घरात तीन मुलं, आणि स्वयंपाकघरात फ्रीजपाशी तिच्यामागं परग्रहावरचा पाहुणा उभा आहे, तरी तिला दिसत नाही. तेव्हा आपण हसलो होतो. आता कळतं की ती दमलीय म्हणून तिला दिसत नाही. त्याच प्रसंगात दोन वयांचे दोन प्रेक्षक बसू शकतात, आणि दिग्दर्शक दोघांशीही प्रामाणिक आहे.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८) हा माझ्या लेखी याचं सर्वोत्तम उदाहरण. लहानपणी पाहिलेल्यांना तो गुबगुबीत प्राणी आणि मांजराची बस आठवते. मोठं झाल्यावर दिसते इस्पितळात पडलेली आई. तिला घरी आणणं लांबणीवर पडतं आणि थोरली मुलगी, जी तोवर डबे करतेय, धाकटीला सांभाळतेय, ती शेजारच्या आजींसमोर अचानक हमसून रडते. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी दीर्घकाळ क्षयानं आजारी होती. त्यांनी मुलांना 'सगळं ठीक होईल' असं खोटं आश्वासन दिलं नाही आणि घाबरवलंही नाही. आजार आहे, वाट बघायची आहे, आणि तोवर खेळायचंही आहे.

माझी कसोटी हीच आहे. समोर बसलेल्या लहान प्रेक्षकाला बनवणाऱ्यानं खरं सांगितलं का? 'मिस्टर इंडिया'त अदृश्य माणसाच्या आधी थकलेली उधारी आहे, खोली भाड्यानं देण्याची वेळ आहे, आणि छोटी टीना बॉम्बस्फोटात मरते. मुलांच्या करमणुकीच्या चित्रपटात हे ठेवायला धैर्य लागतं. उलट 'बॅम्बी'मध्ये आई गेल्यानंतर लगेच पक्ष्यांचं वसंताचं आनंदी गाणं सुरू होतं. तिथं मला आज खटकतं. आधीचा प्रसंग इतका निर्भीड, आणि मग बनवणारेच घाबरले असं वाटतं. मुलाला रडायला अजून थोडा वेळ द्यायला हवा होता.

शेवटी थोडं व्यवहाराचं. पुन्हा बघायचाच असेल तर तुकडे बघू नका, अख्खा बघा. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यात विनोद आणि मारामारीच उरते, वाट बघणं उरत नाही. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. तिच्यामुळे कुठलाही चित्रपट मालिकेसारखा दिसतो. पहिल्यांदा एकट्यानं बघा, मुलांना नंतर दाखवा. आणि दाखवताना 'आता बघ हं काय होतंय' असं म्हणू नका. तुम्ही जिथं रडला होतात तिथं ते मूल कंटाळेल, आणि तुम्हाला कधी दिसलीही नव्हती अशा एखाद्या जागी ते घाबरून तुमचा हात धरेल. ती जागा कुठली ते नीट पाहून ठेवा. वाईट विनोद आला तर चित्रपट थांबवून भाषण देऊ नका. संपल्यावर विचारा, 'त्या तोतऱ्याला काय वाटलं असेल?' मुलं याचं उत्तर देतात, मी ऐकलंय.

आता तुम्ही बोला. प्रत्येकानं एकच चित्रपट सांगायचा, आणि त्यातला तुम्हाला अजून दिसणारा एक प्रसंग. तो खरंच त्यात आहे का, ते आपण मिळून तपासू.