उजळ डाग एकाच बाजूला का दिसतो?

नमस्कार. टोकामॅक, म्हणजे अतितप्त प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) चुंबकीय क्षेत्राने वेटोळ्यात कोंडून ठेवणारे अणुसंमीलनाचे यंत्र. त्यावरच्या मागच्या भागाखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा आला: यंत्रात डोकावणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात उजळ डाग एकाच बाजूला असतो, मग सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉनही त्याच बाजूला असतात का?

पाया थोडक्यात सांगतो. प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनचा वेग वाढला की टकरींचा अडथळा कमी होतो, त्यामुळे विद्युत्क्षेत्र पुरेसे प्रबळ असल्यास काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात. त्यांचा झोत भिंतीवर आदळला तर धातू वितळू शकतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

आता मूळ मुद्दा. चुंबकीय क्षेत्रात वळताना हे इलेक्ट्रॉन जो प्रकाश फेकतात, त्याला सिंक्रोट्रॉन प्रकाश म्हणतात. तो ते चौफेर फेकत नाहीत. ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने, अगदी अरुंद शंकूत फेकतात. २५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला तो शंकू जेमतेम एका अंशाचा असतो. रात्री वाघबिळाजवळ उभे राहून मी पन्हाळ्याचा घाट अनेकदा पाहिला आहे: उतरणाऱ्या गाडीचे दिवे वळणावर आपल्याकडे रोखले की क्षणभर लखलखतात आणि मग दिसेनासे होतात, पण गाडी रस्त्यावरच असते.

टोकामॅकच्या वेटोळ्यात इलेक्ट्रॉन सर्वत्र फिरत असतात, मात्र कॅमेऱ्याच्या दिशेने धावणारेच उजळतात. कॅमेरा उलट दिशेला वळवला तर तेच इलेक्ट्रॉन पाठमोरे होतात आणि चित्र काळे पडते. म्हणून 'काळा भाग म्हणजे रिकामा भाग' असे कृपया लिहू नका. या चुकीचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिच्यामुळे पुढचे सगळे गणित बिघडते.

डागाचा आकारही असाच फसवतो. चुंबकीय रेषेशी इलेक्ट्रॉनची गती जो कोन करते, त्या पिच कोनानुसार डाग कधी लंबगोल, तर कधी चंद्रकोरीसारखा दिसतो. त्यात ऊर्जा, चुंबकीय क्षेत्र, कॅमेऱ्याची उंची आणि तो टिपत असलेली तरंगलांबी यांचीही भर पडते. जर्मनीतील टेक्स्टॉर या टोकामॅकवर १९९० च्या सुमारास हा प्रकाश अवरक्त कॅमेऱ्याने टिपला गेला. अमेरिकेतील अल्काटर सी-मॉड या टोकामॅकमध्ये चुंबकीय क्षेत्र प्रबळ असल्याने तो दृश्य प्रकाशातही दिसला.

त्यामुळे अभ्यासक चित्रावरून थेट उत्तर वाचत नाहीत. ते आधी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, पिच कोन आणि विखुरणी गृहीत धरतात, सॉफ्टसारख्या संगणक प्रणालीने कॅमेऱ्याला काय दिसेल ते काढतात आणि ते चित्र प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहतात. दोन निराळ्या गृहीतकांतून जवळपास सारखाच डाग मिळाला, तर प्रकाशाचा वर्णपटही मोजावा लागतो.