किडनी प्रत्यारोपणाआधी हृदयाची तपासणी

श्रोतेहो, नमस्कार. प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली की रुग्ण हमखास विचारतात, "छातीत कधी दुखलं नाही, मग हृदयाच्या एवढ्या तपासण्या कशाला?" पण न दुखण्यावर विसंबता येत नाही. मधुमेह जुना असेल तर नसा बधिर होतात आणि हृदयाला रक्त कमी पडलं तरी छाती गप्प राहते. नुसता दम लागतो, आणि त्याचं खापर अंगातल्या पाण्यावर किंवा कमी हिमोग्लोबिनवर फुटतं.

सुरुवात कार्डिओग्राम आणि इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने होते. इको शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ड्राय वेटवर, म्हणजे अंगातलं जादा पाणी निघून गेल्यावरच्या वजनावर असताना करावा. पाणी साठलेलं असताना केला तर कप्पे फुगलेले दिसतात, फुप्फुसातला दाबही जास्त येतो. हृदयाचं पंपिंग कमी निघालं म्हणजे प्रत्यारोपण बाद, असंही नाही. रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे मंदावलेलं हृदय नव्या किडनीनंतर बऱ्याच जणांत सुधारतं. मात्र कारण आधी शोधावं लागतं.

पट्ट्यावर चालण्याची चाचणी इथे फारशी कामाची नाही. पाय आधीच थकतात, आणि हृदयाची भिंत जाड झाल्यामुळे कार्डिओग्राम मुळातच बदललेला असतो. म्हणून डोब्युटामिन हे ठोके वाढवणारं औषध देऊन इको, किंवा हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारा न्यूक्लिअर स्कॅन करतात. डोब्युटामिनने ठोके 220 वजा वय या आकड्याच्या 85 टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात. पन्नाशीच्या माणसाला साधारण 145. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी पोटात असेल तर तिथवर पोचता येत नाही आणि निकाल अर्धवट राहतो. ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद केली तर ठोके आणि रक्तदाब उसळतात.

अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी ठरलीच, तर मनगटातून की जांघेतून, हे आधी बोलून घ्या. मनगटाची धमनी खराब झाली तर पुढे फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडतात त्याची जागा जाते. आणि ब्लॉक दिसला की लगेच स्टेन्ट, हा हट्टही नको. स्टेन्टनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चालतात, तोवर शस्त्रक्रिया लांबते. 2020 साली किडनीचा गंभीर आजार असलेल्या 777 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाचा त्रास स्थिर असलेल्यांमध्ये आधी अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेन्ट किंवा बायपास करूनही, औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू वा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. छातीत वाढतं दुखणं किंवा मुख्य धमनीतला ब्लॉक असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव असताना नवा दम लागू लागला, किंवा डायलिसिस चालू असताना रक्तदाब वारंवार कोसळू लागला, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण समन्वयकांना कळवा.