परतीची घाई

जून उजाडला की गोव्यात पावसासोबत वीजही ये-जा करू लागते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असो वा पणजीच्या पाटो भागात, ज्या कार्यालयाचे काम क्षणभरही थांबून चालत नाही, तेथील सर्व्हर दोन केबलींनी दोन वेगळ्या स्विचना, म्हणजे नेटवर्कमधील यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणांना, जोडलेला असतो. एक स्विच बंद पडला की सर्व्हर दुसऱ्या केबलवर जातो, आणि हे बहुधा सुरळीत पार पडते.

घोटाळा होतो तो वीज परतल्यावर. मुख्य स्विच सुरू होतो, केबल जिथे खोचलेली असते त्या पोर्टचा हिरवा दिवा लागतो आणि सर्व्हर तत्काळ मूळ केबलवर परततो. परंतु स्पॅनिंग ट्री, म्हणजे डेटा स्विचांमध्ये गोल गोल फिरत राहू नये यासाठीची व्यवस्था, हिच्या जुन्या ८०२.१डी पद्धतीत तो पोर्ट आधी १५ सेकंद केवळ ऐकत असतो, पुढचे १५ सेकंद पत्ते शिकत असतो, आणि तोवर एकही डेटा फ्रेम, म्हणजे माहितीचे पुडके, पुढे धाडत नाही. चालता मार्ग सोडून सर्व्हर आपण होऊन बंद दारापुढे जाऊन उभा राहतो.

सर्व्हरकडचा पोर्ट ‘एज’, म्हणजे पलीकडे दुसरा स्विच नसलेला, ठरवला, तर ही ३० सेकंदे वाचतात, आणि तसे करावेच. तरीही त्या स्विचची पुढची लिंक अजून तयार नसू शकते; लिनक्समधील केबलवर नजर ठेवणारे ‘एमआयआयमॉन’ मात्र फक्त स्वतःच्या केबलकडे पाहते, त्यामुळे पलीकडची अडचण त्याला कळत नाही. म्हणून बॉण्डिंगमध्ये, म्हणजे दोन केबली एकत्र हाताळणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, ‘अपडिले’ ही सेटिंग दिलेली आहे, जिचे मूळ मूल्य शून्य असते. ते ३५००० मिलिसेकंद केले, तर वर आलेल्या लिंकवर ३५ सेकंदांनंतरच भरवसा ठेवला जातो. केबल तुटल्यावर निघण्यास मात्र असा विलंब लावू नये.

राउटरांतही हेच घडते. व्हीआरआरपीमध्ये, म्हणजे दोन राउटरांनी एकच आभासी पत्ता सांभाळण्याच्या पद्धतीत, अधिक प्राधान्याचा राउटर उठताच आभासी पत्ता परत घेतो, मग त्याला ओएसपीएफचे, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीचे, मार्ग मिळालेले असोत वा नसोत. दोन्ही मार्ग तुल्यबळ असतील, तर हे परत घेणेच बंद ठेवावे, असे आमचे मत आहे. बॉण्डिंगमध्ये मूळ केबलवर केव्हा परतायचे हे ठरवणाऱ्या ‘प्रायमरी रिसिलेक्ट’ला ‘फेल्युअर’ हे मूल्य देऊन तेच साधते.

संपूर्ण इमारतीची वीज गेली, तर मात्र गणित बदलते. एकही लिंक चालू नसताना बॉण्डिंग ‘अपडिले’ची वाट पाहत नाही, जी लिंक प्रथम वर येईल, ती लगेच वापरात घेतली जाते.