बाई आज येणार नाहीत

बाईंना ताप आलाय, आणि पहिलाच तास चित्रकलेचा आहे. तिथे बदलीवर जे कोणी जातील, ते कदाचित गणिताचे असतील, खेळाचे असतील. पोस्टर कलरमध्ये पाणी किती घालायचं हे त्यांना ठाऊक नसणार, आणि असायचं कारणही नाही.

ही पेटी बाईंनी त्यांच्यासाठी आधीच भरून ठेवलेली.

झाकण उघडलं की सगळ्यात वर वर्गाच्या याद्या आणि कोण कुठे बसतं त्याचा नकाशा. लाल कागदावर कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते, आणि आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते. खाली पेन्सिली, तेलखडू, स्केचपेन. पेटी भरताना बाईंनी एकेक स्केचपेन ओढून बघितलंय. सुकलेलं बाहेर, चालतंय ते आत.

पेटीत काय नाही, तेही बघा. रंगाच्या बाटल्या नाहीत, ब्रश नाहीत, माती नाही, कात्री नाही. जे सांडतं, कापतं किंवा वाळायला दुसरा दिवस उजाडतो, ते कपाटात. कुलूप लावून.

टाचण एका पानाचं. काम त्याच तासात सुरू होऊन त्याच तासात संपलं पाहिजे. अर्धवट राहिलेली चित्रं बदलीच्या तासाला बाहेर काढायची नाहीत, असं बाईंनी वरच लिहिलंय. दोनदा अधोरेखित.

आता हा कागद. वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराने १९१३ साली रंगांचा एक अभ्यास केला: चौकोनांत एकात एक वर्तुळं. मूळ चित्रात चौकोन १२. वर्गात मात्र ८, कारण बारासाठी कागदाचे तीन सारखे भाग करावे लागतात आणि पहिलीची मुलं तिथेच अडकतात. अर्ध्यात घडी, पुन्हा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात. झाली आठ घरं. हे बाईंनी शब्दांत समजावलेलंच नाही, घडी घातलेला नमुना चिकटवून टाकलाय.

मोठ्या मुलांसाठी दुसरा खेळ. एकाने डोकं काढायचं, कागद दुमडून पुढे द्यायचा. दुसरा धड काढतो, तिसरा पाय. १९२०च्या दशकात पॅरिसमधले अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नं आणि योगायोगातून कला घडवणारे कवी आणि चित्रकार, हेच खेळत बसायचे. सूचना एकच, पण ठळक: मानेच्या दोन रेषा घडीच्या जराशा खाली उतरू द्या. नाहीतर धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे.

आणि फासे, राक्षस काढायला. पहिल्यांदा पडेल त्या आकड्याचे डोळे, मग तोंड, मग शेपूट. प्रत्येकाचे सहा प्रकार, म्हणजे २१६ वेगवेगळे राक्षस. शेजाऱ्याचं बघून काढायची सोयच उरत नाही. लवकर आटपलं, तर टाका पुन्हा!

छापील चित्र रंगवायला दिलं तरी तास निघतो, हे खरं. वर्ग शांतही बसतो. पण मग बदलीच्या तासाला चित्रकलेचा तास कशाला म्हणायचं?

(निवेदन नाही. वर्गाचा आवाज, मुलांचे हात, उलगडणारे कागद.)

तास झाला, चित्रं गोळा झाली, बाई दोन दिवसांनी कामावर आल्या. टाचणाच्या मागे बदलीवरच्या सरांचा शेरा होता: बाकांवर फासे फार वाजतात.

पेटीत आता स्पंजचे फासे आहेत.