यंत्र आलं, टिप्सचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत जैवतंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू होते, तेव्हा फीत कापली जाते, पाहुणे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या नव्या कोऱ्या पीसीआर यंत्राशेजारी उभे राहतात, फोटो निघतो. मला आज बोलायचंय ते या फोटोत न मावणाऱ्या पैशाबद्दल. नववी ते बारावीच्या मुलामुलींना या क्षेत्रातल्या नोकरीसाठी तयार करायचं, तर पैसा नेमका कशाला लागतो?

जैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला संशोधकच आठवतो. पण जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि हे क्षेत्र कारखान्यातही शिरलं. तिथे पेशी वाढवणारे लागतात, त्यांच्यासाठी पोषक द्रावणं तयार करणारे लागतात, नमुने तपासणारे, नोंदी ठेवणारे लागतात. यातल्या कितीतरी कामांना डॉक्टरेट लागत नाही. सरावलेला हात लागतो, आणि तो सोळाव्या-सतराव्या वर्षी छान घडतो.

साधं मायक्रोपिपेट घ्या. मिलिलिटरच्या हजाराव्या भागापर्यंत द्रव मोजणारं हे उपकरण. द्रव ओढायला त्याच्या टोकाला प्लास्टिकची छोटी नळी बसवतात, तीच टिप; वापरली की फेकायची. त्याच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखं मूल ओढतानाच दुसरा टप्पा गाठतं, जास्त द्रव येतो, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. प्रयोग फसतो दोन तासांनी. यावर उपाय सोपा आहे: शंभर मायक्रोलिटर पाणी घ्यायचं आणि तराजूवर टाकायचं. ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. पुन्हा घ्यायचं, पुन्हा टाकायचं, दहाही वेळा आकडा तोच येईपर्यंत. कंटाळवाणं आहे, कबूल. पण नोकरी याच कंटाळवाण्या गोष्टीवर मिळते.

मग मुलांना वेड लावणारा प्रयोग येतो. जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. त्याच्या शोधाला आणि वापराला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रथिनाचं जनुक असलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूंत घालायचं. बर्फात ठेवलेली नळी ४२ अंशांच्या पाण्यात जेमतेम पाऊण मिनिट बुडवायची, लगेच परत बर्फात. मग ते पोषक थर ओतलेल्या बशीत वाढू द्यायचे. दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली बशीतले जिवाणूंचे ठिपके हिरवे उजळतात. वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्यावा!

आता हिशेब मांडू. या एका प्रयोगात प्लाझ्मिड संपला, जिवाणू संपले, अँटिबायोटिक घातलेल्या बशा संपल्या, टिप्सचे डबे रिकामे झाले. चमकणारे जिवाणू कचऱ्यात टाकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांवर मारावे लागतात, म्हणजे वीज आणि देखभाल आली. पुढच्या तुकडीला हे सगळं नव्याने हवं. डीएनए कापणारी एन्झाइम्स उणे २० अंशांवर ठेवावी लागतात. सुट्टीत फ्रीझर बंद पडला तर वर्षभराचा साठा गेला. आणि तासाभराच्या प्रात्यक्षिकामागे कित्येक तासांची तयारी असते. जिवाणूंचं पोषक माध्यम शिजवा, ते बशांत ओता, द्रावणं वाटून ठेवा. ही तयारी शिक्षकाने पाच विषयांचे तास सांभाळून करायची? एखादा उत्साही शिक्षक करतोही. तो बदलून गेला की प्रयोगशाळेला कुलूप लागतं. म्हणून तयारी करणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाचा पगार हा मला यंत्राइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा वाटतो.

नोंदवहीचंही तसंच. औषधनिर्मितीत जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. नोंद शाईने करायची, चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. पांढरा रंग फासायचा नाही. ही शिस्त फुकट शिकवता येते असं वाटतं, पण तीस वह्या वाचायला वेळ लागतो, आणि शिक्षकाच्या वेळेचेही पैसे मोजावे लागतात.

उमेदवारीचा, म्हणजे काम करत शिकण्याचा, मुद्दा सर्वांत नाजूक. मुलांनी सुट्टीत कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करावं, अनुभव घ्यावा, हे सगळ्यांना मान्य असतं. विद्यावेतनाचा विषय निघाला की मात्र बैठक शांत होते. ज्या मुलीच्या सुट्टीतल्या कमाईवर घरातला काही भार असतो, ती बिनपगारी उमेदवारी करू शकत नाही. मग तिथे ज्यांना परवडतं तीच मुलं पोचतात, आणि दुबळ्या घरांसाठी आणलेली योजना सुखवस्तू घरांना लागते.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला यासाठी बोलकं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९९२ मध्ये बायर कंपनीशी तिच्या तिथल्या प्रकल्पाच्या विकासाबाबत तीस वर्षांचा करार केला. त्यातूनच शालेय विद्यार्थ्यांसाठी जैवतंत्रज्ञानाचं प्रशिक्षण उभं राहिलं, पगारी उन्हाळी उमेदवारीसह. देणगी व्यवस्थापन बदललं की आटते. करार मोडायला कारण द्यावं लागतं. त्याच वर्षी अमेरिकेने तंत्रज्ञ घडवणाऱ्या शिक्षणासाठी कायदाही केला. त्याचा भर दोन वर्षांच्या महाविद्यालयांवर होता, पण त्यांना शाळांशी जोडून घेण्याची वाट त्यातून मिळाली. शाळेत शिकलेलं कौशल्य पुढच्या अभ्यासक्रमात मोजलं जाणं, हे यातलं खरं मोलाचं.

कंपन्यांकडून मदत घेताना थोडं सावधही राहावं. जुनी यंत्रं देणं त्यांना सोयीचं असतं, पण सुटे भाग न मिळणारं सेंट्रीफ्यूज, म्हणजे नमुने गरागरा फिरवून वेगळे करणारं यंत्र, ही कोपऱ्यातली अडगळच. शिवाय एकाच कंपनीच्या यंत्रावर घडलेला हात, ती कंपनी माणसं कमी करायला लागली की अडकतो. अचूक मोजमाप, निर्जंतुक हाताळणी आणि नोंदी शिकलेल्या मुलाला रुग्णालयाची प्रयोगशाळा, पाणी-तपासणी, अन्न-तपासणी अशी दारं उघडी राहतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत या क्षेत्रांतली माणसंही बसवावीत.

कंपनी मदतीला तयार असेल, तर तिच्याकडे दोनच गोष्टी मागाव्यात आणि दोन्ही लेखी घ्याव्यात: आठवड्यातून एक दिवस शाळेत येणारा तिचा पगारी तंत्रज्ञ, आणि किमान पाच वर्षांसाठी ठरलेल्या संख्येच्या पगारी उमेदवारीच्या जागा. यंत्राची यादी त्यानंतर काढावी.